गाडीखाली लाल थेंब? गिअरबॉक्स उतरवण्याआधी कूलर लाइनचं फिटिंग बघा

आपण इथे बहुतेक वेळा मोबाईल, ॲप आणि चार्जरबद्दल बोलतो. आज विषय गाडीचा आहे, पण मोबाईल त्यात आहेच, आणि अगदी मधोमध आहे.

मागच्या उन्हाळ्यात सांगलीहून मामांचा व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. पार्किंगच्या फरशीवर लालसर डाग, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. खाली मेसेज होता, "गाडीला रक्त आलंय रे. गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स उतरवावा लागणार. पासष्ट हजार."

मामांचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने अधू आहे. त्यामुळे क्लच दाबता येत नाही. २००९ ची ही सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी घेतल्यापासून ते पहिल्यांदा कुणाला न विचारता कुठेही जायला लागले. मामींना दर महिन्याला मिरजेला दवाखान्यात न्यायचं, तेही स्वतः. आता एवढ्या जुन्या गाडीवर पासष्ट हजार घालायचे की ती विकून टाकायची, हा हिशोब त्यांच्या डोक्यात सुरू झाला होता. मी फोनवर म्हणालो, "मामा, रविवारपर्यंत थांबा. आणि तोपर्यंत गाडी चालवू नका."

मी साताऱ्यात राहतो आणि मेकॅनिक नाही. डिप्लोमा मेकॅनिकलचा आहे, बाकीचं सगळं करून बघताना शिकलोय. खाली लिहिलंय ते त्या रविवारी जे झालं त्याच्या आधारावर.

आधी बघा, तुमच्या गाडीत ही लाइन आहे का

आजकाल "ऑटोमॅटिक" हा शब्द चार वेगवेगळ्या यंत्रांना वापरतात. २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी घराघरात पोचली. ती मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असते, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम मोटर करते. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो आणि कूलर लाइनही नसते. तुमची गाडी एएमटी असेल तर लाल थेंब दुसऱ्या कशाचा तरी आहे. काही सीव्हीटी गाड्यांत छोटा कूलर गिअरबॉक्सवरच बसवलेला असतो, त्याला फक्त कूलंटचे पाइप येतात. पण जुन्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून पुढे रेडिएटरपर्यंत तेलाचे दोन पाइप जातात, एक जाणारा आणि एक येणारा. आजची गोष्ट त्यांची.

आता प्रश्न, गिअरबॉक्सचं तेल बाहेर फिरायला जातंच कशाला?

दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा, त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरायला लागेल. टॉर्क कन्व्हर्टर असाच चालतो, फक्त हवेच्या जागी तेल असतं. पण दुसरा फॅन पहिल्याइतका जोरात कधी फिरत नाही ना? तो जो फरक राहतो त्याची उष्णता होते. घाटात, ट्रॅफिकमध्ये, भरलेल्या गाडीत ही उष्णता खूप. गेम खेळताना फोन तापतो तसंच समजा, फक्त इथे गाडी स्वतःचा वेग कमी करून थंड होत बसत नाही. म्हणून तेल पाइपातून पुढे नेतात, रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरमधून फिरवतात आणि परत आणतात. हे तेल म्हणजे एटीएफ. साधारण ८०-९० अंश सेल्सिअसला ते सुखात असतं. १२० च्या पुढे फार वेळ राहिलं तर तेलही म्हातारं होतं आणि रबराची सीलंही कडक होतात.

या पाइपांमधला दाब गिअरबॉक्सच्या आतल्या मुख्य दाबापेक्षा बराच कमी असतो. म्हणून इथली गळती सहसा फवाऱ्यासारखी नसते, थेंबथेंब असते. आणि म्हणूनच लोक दुर्लक्ष करतात. पण तेलाची पातळी खाली गेली की आतला पंप तेलासोबत हवा ओढतो, फेस होतो, आतल्या क्लच प्लेटा घसरायला लागतात आणि जळतात. मग मात्र पासष्ट हजारवाला माणूस खरा ठरतो.

डाग कशाचा ते आधी ठरवा

पांढरा टिश्यू पेपर घ्या, त्यावर थेंब टिपा. एटीएफ बहुतेक वेळा लाल असतं, जुनं झालं की तपकिरी होतं, बोटाला चिकणं लागतं आणि कागदावर तेलकट कडा धरून पसरत राहतं. कूलंटसुद्धा काही गाड्यांत लाल किंवा गुलाबी असतं, पण ते पाण्यासारखं असतं आणि वाळतं. वासाने ठरवा, चवीने कधीच नाही, कूलंट विषारी असतं. पॉवर स्टिअरिंगमध्येही पुष्कळ गाड्यांत एटीएफच घालतात, तेव्हा तीही बाटली बघून घ्या. मामांच्या गाडीत तिची पातळी बरोबर होती.

एक गोष्ट मात्र लगेच तपासा. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड असताना उघडा आणि आत बघा. कूलंट स्वच्छ असेल तर ठीक. आत गुलाबी मिल्कशेक दिसत असेल, तर टाकीतला कूलर आतून फुटलाय आणि पाणी-तेल एकत्र झालंय. मग फिटिंग-बिटिंग विसरा, गाडी जागेवरून हलवू नका, टो करून न्या.

गॅरेजवाला खोटं बोलत नव्हता

रविवारी पहाटेची एसटी धरून कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगलीला पोचलो. गाडीखाली टॉर्च मारली तर गिअरबॉक्सचा तळ खरंच तेलाने माखलेला. कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, गिअरबॉक्स गळतोय.

पण गाडी पुढे धावते तेव्हा खालून वारा मागे जातो. पुढे रेडिएटरपाशी सुटलेला थेंब पाइपावरून ओघळत, वाऱ्याने ढकलला जात मागे गिअरबॉक्सवर येऊन बसतो. त्यामुळे जिथून थेंब पडतो ती जागा गळतीची असेलच असं नाही. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला भाग शोधायचा असतो. तो शोधायचा तर आधी सगळं पुसावं लागतं, आणि त्या पुसण्यातच अर्धा दिवस जातो. गॅरेजमध्ये मागे सहा गाड्या उभ्या असताना एवढा वेळ कोण देणार?

इथे मोबाईल कामाला आला. डीग्रीझर आणि फडक्याने पाइप, फिटिंग, गिअरबॉक्सचा तळ असं सगळं कोरडं केलं. मग चारही फिटिंगचे, म्हणजे दोन रेडिएटरकडचे आणि दोन गिअरबॉक्सकडचे, फोटो काढले. एकाच अंतरावरून, एकाच कोनातून, फ्लॅश चालू ठेवून. फोकस स्क्रीनवर दाबून लॉक केला, नाहीतर कॅमेरा मागच्या फॅनवर फोकस करतो. त्यानंतर चारही फिटिंगवर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. मामी म्हणाल्या, "गाडीला घामोळं आलंय का?"

पंधरा मिनिटं इंजिन आयडलवर ठेवलं, पाय ब्रेकवर ठेवून आर, एन, डी असा लिव्हर फिरवला, बंद केलं, परत तसेच फोटो काढले. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून झूम केलं. तीन फिटिंगवर पावडर जशीच्या तशी. रेडिएटरच्या खालच्या फिटिंगवर मात्र पांढऱ्या पावडरीत एक बारीक लाल रेघ. आणि ती रेघ पाइपाच्या नटापासून नाही, तर त्याच्या मागून, टाकीला लागून सुरू होत होती.

हात जात नाही तिथे यूएसबीचा एंडोस्कोप कॅमेरा फोनला लावून बघता येतं, तोही स्वस्तात मिळतो. फोन स्वतः मात्र फॅनजवळ नेऊ नका. इंजिन बंद असतानाही इलेक्ट्रिक फॅन अचानक फिरू शकतो, म्हणून हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. ब्लूटूथच्या ओबीडी स्कॅनरवर फार भरवसा ठेवू नका. साध्या ॲपमध्ये इंजिनचं तापमान दिसतं, गिअरबॉक्सच्या तेलाचं पुष्कळदा दिसत नाही, आणि गळती तर कुठलंच सेन्सर सांगत नाही.

फिटिंग गळती थांबवतं कशाने? आट्यांनी नाही

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. आपल्याला घरच्या नळाची सवय असते. नळाला टेफ्लॉन टेप गुंडाळायची आणि आवळायचा. कूलर लाइनच्या बहुतेक फिटिंगमध्ये आटे फक्त दाबून धरायचं काम करतात. तेल अडवणारी गोष्ट वेगळीच असते, आणि ती कोणती हे कळल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.

काही फिटिंगमध्ये पाइपाचं टोक फुलासारखं उमललेलं असतं, त्याला फ्लेअर म्हणतात. तिथे धातूवर धातू दाबून सील होतं. त्यात कचऱ्याचा कण किंवा ओरखडा असेल तर कितीही आवळा, गळणारच. टेप लावली तर तिचे तुकडे तेलात जाऊन आतल्या बारीक वाटा बंद करतात. दुसरा प्रकार बॅन्जो बोल्टचा. पोकळ बोल्ट आणि दोन्ही बाजूंना तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर. वॉशर एकदा दबला की त्याचं काम झालं, खोलल्यावर नवाच घालायचा. तिसरा क्विक कनेक्ट. पाइप आत ढकलला की क्लिप टक् करून बसते, तेल आतली ओ-रिंग अडवते. क्लिप वाकली किंवा नीट बसली नाही तर पाइप चालत्या गाडीत सुटू शकतो. आणि चौथा, साधा रबरी होज आणि क्लॅम्प.

मामांच्या गाडीत पाइप फ्लेअरच्या नटाने एका ॲडॅप्टरला जोडलेला होता, आणि तो ॲडॅप्टर रेडिएटरच्या टाकीतल्या कूलरमध्ये आट्यांनी बसलेला. त्याखाली ओ-रिंग. म्हणजे एका ओळीत दोन सीलं. पाइपाच्या नटाचे कोपरे गोल झालेले होते, याआधी कुणीतरी जीव खाऊन आवळला होता. गळत होती मागची ओ-रिंग, आणि आवळला जात होता पुढचा नट!

हे दुखणं आलं कुठून? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. त्या दिवसांत मामांची गाडी दारांच्या खालच्या कडेपर्यंत पाण्यात उभी होती. इंजिन, गिअरबॉक्स वाचले, पण पाइप धरून ठेवणाऱ्या पट्टीत गाळ बसला, तो ओल धरून राहिला आणि पट्टी गंजत गंजत शेवटी तुटली. मग पाइप मोकळा हलत राहिला आणि प्रत्येक हादरा त्या फिटिंगवर आला. सांगली, मिरज, कुरुंदवाड, शिरोळ या पट्ट्यातली पुरात उभी राहिलेली जुनी गाडी घेत असाल तर इंजिन बघण्याआधी खाली वाका आणि पाइपांच्या पट्ट्या बघा.

खोलायचं कसं

गाडी थंड पाहिजे, निदान दोन-तीन तास उभी. तापलेलं एटीएफ हातावर पडलं तर भाजतं. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. जॅकवर उचलल्यावर खाली स्टँड लावल्याशिवाय आत जायचं नाही. हे मी लिहितोय कारण मी स्वतः एकदा नुसत्या जॅकवर गेलो होतो आणि मामांनी मला पायाला धरून बाहेर ओढलं होतं.

आता दोन पान्यांचा नियम. इथे एका ओळीत तीन षटकोन असतात. पाइपाचा नट, ॲडॅप्टर आणि टाकीला लागून असलेला मोठा चपटा नट. ज्याला फिरवायचं, त्याच्या मागच्याला दुसऱ्या पान्याने धरायचं. धरलं नाही तर पाइप पिळला जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे टाकीतला कूलरच फिरतो, त्याचं सील तुटतं आणि रेडिएटर गेला. पाइपाच्या नटाला साधा ओपन पाना लावू नका, तो दोनच बाजूंनी पकडतो आणि नट गोल करतो. फ्लेअर नटसाठी वेगळा पाना मिळतो, रिंग पान्याला एका बाजूने फट पाडल्यासारखा दिसतो. गंज असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

नट सुटला की थोडं तेल येणार, खाली ट्रे ठेवा. पाइपाचं तोंड स्वच्छ टोपणाने बंद करा, आत धुळीचा कण जाता कामा नये. ॲडॅप्टर बाहेर काढल्यावर ओ-रिंग बघितली. गोल असायची ती चपटी झाली होती, नखाने दाबली तर दबेना, वाकवली तर तडकली. फ्लेअरचं टोक मात्र गुळगुळीत होतं, ते नशीब.

नवी ओ-रिंग घेताना दोन गोष्टी. एक, जुन्या रिंगवरून माप घेऊ नका, ती दबून चपटी झालेली असते. ज्या खाचेत ती बसते ती मोजा, किंवा चॅसी नंबरचा फोटो दाखवून कंपनीचा पार्ट नंबर काढून घ्या. दुसरी, रबर कुठलं ते विचारा. पाण्याच्या कामाची ईपीडीएम रिंग तेलात फुगते. नायट्राइल चालतं, पण उष्णतेत लवकर कडक होतं. व्हायटॉन, म्हणजे एफकेएम, याहून जास्त तापमान सहन करतं. सांगली-कुपवाड भागात हायड्रॉलिक सीलची दुकानं आहेत, कारण ऊसपट्ट्यात ट्रॅक्टर, जेसीबी, तोडणीची यंत्रं यांची सीलं रोजच लागतात. अशाच एका दुकानात मला योग्य मापाच्या दोन रिंगा ९० रुपयांत मिळाल्या.

रबरी होज बदलायचा असेल तर तिथेच प्रेस करून मिळतो, पण एक सावधगिरी. पुष्कळसे साधे हायड्रॉलिक होज १०० अंशांपर्यंतचेच असतात. ट्रान्समिशन ऑइल कूलरचा होज मागा, त्याचं मानक एसएई जे१५३२ आहे. पेट्रोलचा किंवा रेडिएटरचा होज घालू नका, तो काही दिवस चालतो आणि मग घाटात दगा देतो. लाइन मध्येच जोडून कूलर बायपास करून देणारेही भेटतील. नको म्हणा. एम-सील फासणं आणि गळती बंद करायचं औषध तेलात ओतणं, हेही त्याच रांगेतलं.

नव्या रिंगला थोडं एटीएफ लावलं, ॲडॅप्टर आधी हाताने तीन-चार आटे फिरवला. हाताने फिरत नसेल तर आटे तिरके लागलेत, परत काढा. शेवटी पान्याने, पण मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कइतकंच. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की परत येत नाहीत. तुटलेली पट्टी जवळच्या वेल्डरकडून शंभर रुपयांत करून घेतली आणि पाइप व पट्टीमध्ये रबर घातलं. पट्टी बसवली नसती तर नवी ओ-रिंगही वर्षभरात गेली असती.

तेल किती, आणि कसं मोजायचं

एटीएफचे अनेक प्रकार आहेत आणि लाल रंग सगळ्यांचा सारखा दिसतो. कुठलं घालायचं ते गाडीच्या पुस्तकात किंवा डिपस्टिकवर लिहिलेलं असतं. तेच घाला. इंटरनेटवर "हेही चालतं" म्हणणारे गाडी दुरुस्त करून द्यायला येत नाहीत.

पातळी बघायची पद्धत गाडीगणिक वेगळी. बहुतेक गाड्यांत तेल गरम, इंजिन चालू, लिव्हर पी मध्ये. काहींत इंजिन बंद करून लगेच बघायचं असतं. काहींना डिपस्टिकच नसते, ठराविक तापमानाला खालचा प्लग उघडून तेल ओघळतंय का ते बघतात, ते काम गॅरेजवर सोडा. गाडी सपाटीवर आहे की नाही हे फोनच्या लेव्हल ॲपने तपासता येतं. आमची पार्किंगची फरशी सपाट वाटत होती, ॲपने दोन अंशांचा उतार दाखवला. गाडी रस्त्यावर घेतली. अरुंद नरसाळ्याने थोडं थोडं करत जवळपास दीड लिटर तेल गेलं, म्हणजे गळती बऱ्याच दिवसांची होती. डिपस्टिक फडक्यावर पुसून वास घेतला, जळका नव्हता. तेल काळं, जळक्या वासाचं आणि त्यात चकाकणारे कण असते, किंवा डी टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंदांनी हलत असती, तर फिटिंग दुरुस्त करूनही गिअरबॉक्स उघडावाच लागला असता.

निघालेलं तेल बाटलीत भरून, जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला दिलं. गटारात ओतू नका. साताऱ्यात वेण्णेत गेलेलं तेल माहुलीला कृष्णेत येतं आणि तिथून खाली कराड, सांगली. मामांनी ओतलं तर पुढच्या गावांना, मी ओतलं तर मामांना.

सगळा खर्च दोन हजारांच्या आत बसला, त्यात तेलाचाच जास्त.

सांगली सपाट आहे, तिथे फिटिंगची खरी परीक्षा होत नाही. म्हणून पुढच्या रविवारी मामा-मामी गाडी घेऊन साताऱ्याला आले. जेवण झाल्यावर चौघे बसलो आणि मामांनी गाडी यवतेश्वरच्या घाटात घातली. दुपारचं ऊन, एसी फुल, चढ. वर पोचल्यावर इंजिन चालू ठेवून खाली पांढरा पुठ्ठा सरकवला. मी फोटो काढायला वाकलो आणि पुठ्ठ्यावर टप् करून थेंब पडला. मामांचा चेहरा उतरला. गाडीला धरून ते हळूच खाली बसले, बोट लावलं, नाकाशी नेलं.

"पाणी आहे," ते म्हणाले. "एसीचं."